किडनी-बीपीच्या ओपीडीला पहिल्यांदा जाताय? मग हे आधी वाचा

मुंबईतल्या केईएम, सायन, नायर, जेजे अशा मेडिकल कॉलेजवाल्या मोठ्या हॉस्पिटलांत नेफ्रॉलॉजी नावाचा विभाग असतो, म्हणजे किडनीचा, आणि बीपीचे अवघड पेशंटही तिकडेच पाठवले जातात, कारण बीपीनं किडनी बिघडते आणि किडनी बिघडली की बीपी आणखी चढतं. मी अशाच एका विभागात मेडिकल सोशल वर्कर आहे. रोज बघते की लोक पहाटेची गाडी पकडून लांबून येतात आणि एखादा कागद नाही म्हणून किंवा लघवीचं सॅम्पल चुकलं म्हणून पुढच्या आठवड्याची तारीख घेऊन परत जातात. डॉक्टरांकडे तुमच्यासाठी मोजकी मिनिटं असतात आणि ती कशी वापरायची हे बरंचसं तुमच्या हातात आहे, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी रांग बरोबर निवडा. मुतखडा, प्रोस्टेट, लघवी अडकणं हे युरॉलॉजीचं काम, ते सर्जन असतात. रक्तातलं क्रिएटिनीन (किडनी जी घाण बाहेर टाकते त्यातली एक, किडनी बिघडली की रक्तात साचते) वाढलंय, लघवीतून प्रोटीन जातंय, पायावर-चेहऱ्यावर सूज आहे, तीन-तीन गोळ्या खाऊनही बीपी उतरत नाही, कमी वयात बीपी निघालंय, डायलिसिस सांगितलंय, हे सगळं नेफ्रॉलॉजी. ओपीडीचे वार ठरलेले असतात, रोज नसते, तेव्हा आधी चौकशी खिडकीवर विचारून या. बऱ्याच ठिकाणी आधी मेडिसिन ओपीडीला दाखवून तिथून रेफर लिहून आणावं लागतं. गावच्या डॉक्टरची चिठ्ठी असेल तर हे काम सोपं होतं.

हे शिकवायचे विभाग आहेत हेही लक्षात असू द्या. केईएम १९२६ पासून सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजसोबत चालू आहे, भारतातलं पहिलं किडनी ट्रान्सप्लांट १९६५ साली तिथंच झालं, आणि डॉ. विद्या आचार्यांसारख्या बाई तिथं नेफ्रॉलॉजीच्या प्रमुख होत्या, त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉक्टर आज ठिकठिकाणी आहेत. तर अशा ठिकाणी तुम्हाला आधी रेसिडेंट डॉक्टर बघणार, सगळी हिस्टरी लिहून घेणार, मग सिनियर येऊन तेच प्रश्न पुन्हा विचारणार. लोक वैतागतात की अहो आत्ताच तर सांगितलं. पण दोनदा विचारल्यानंच पुष्कळदा काहीतरी सापडतं, पहिल्यांदा न आठवलेली गुडघेदुखीची गोळी दुसऱ्यांदा आठवते. आणि हा रेसिडेंट म्हणजे कुणी शिकाऊ पोरगा नाही, बहुतेक वेळा एमडी करून वर डीएम, म्हणजे किडनीचंच खास शिक्षण, घेणारा डॉक्टर असतो.

आता फाईल. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पन्नास कागद डॉक्टरसमोर ओतू नका. एक साधी फाईल घ्या, सगळ्यात जुना रिपोर्ट खाली आणि नवीन वर, आणि पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात तारीख आणि त्यापुढे क्रिएटिनीन अशी यादी लिहा. बस, एवढंच. कारण डॉक्टरला आजचा आकडा जेवढा हवा असतो त्याहून जास्त तो आकडा कसकसा चढत आला हे हवं असतं. दोन वर्षं १.८ वरच असलेला माणूस आणि महिन्यापूर्वी ०.९ असून आज १.८ झालेला माणूस, दोघांचा आजचा रिपोर्ट सेम पण दुसऱ्याला कदाचित आजच ॲडमिट करावं लागेल. सोनोग्राफी कितीही जुनी असली तरी आणा, किडन्यांचा साईझ त्यात असतो, लहान झालेल्या किडन्या म्हणजे बहुतेक वेळा दुखणं जुनं आहे. आणि गोळ्यांची नावं पाठ करायच्या भानगडीत पडू नका, पाकिटं उचलून आणा, आयुर्वेदिक काढे, भस्मं, कुणी दिलेल्या पुड्या सगळं आणा. लपवू नका, कुणी ओरडणार नाही, पण काही भस्मांत पारा-शिसं असतं आणि ते किडनीला मारतं, डॉक्टरला कळलंच नाही तर तो भलत्याच कारणाच्या मागे लागेल.

बीपी मोजण्याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. जिना चढून, रांगेत भांडून आलेल्या माणसाचं बीपी ओपीडीत १७० दाखवणारच, त्यावर गोळी वाढवली तर घरी जाऊन तो चक्कर येऊन पडू शकतो. म्हणून घरची डायरी लागते. दंडाला बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटावालं नको. मोजायच्या आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री काही नाही. लघवीला जाऊन या. मग खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसा, गप्प म्हणजे खरंच गप्प, टीव्हीवरच्या सिरीयलवर चर्चा पण नको. हात टेबलावर, दंड छातीच्या लेव्हलला. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, ब्लाऊजची बाही किंवा शर्ट वर सरकवून आवळून बसला तर आकडा चुकतो. जाड दंडाला मोठा पट्टा लागतो, छोट्या पट्ट्यानं बीपी उगाच जास्त येतं. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. सकाळी गोळी घ्यायच्या आधी आणि रात्री, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे डॉक्टर सोडून देतात आणि बाकीच्यांची सरासरी काढतात, घरी ती १३५/८५ च्या वर असली तर बीपी आहे असं धरतात, ओपीडीत हीच रेघ १४०/९० ची. चांगलेच आकडे निवडून लिहू नका प्लीज, मोबाईलमधले फोटो दाखवण्यापेक्षा वहीत लिहिलेलं एक पान डॉक्टर पटकन वाचतो. आणि त्या दिवशीची बीपीची गोळी घेऊनच ओपीडीला या, उपाशीपोटी रक्त द्यायचंय म्हणून लोक गोळीही सोडतात, तसं करायचं नसतं, घोटभर पाण्याबरोबर बीपीची गोळी चालते. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन मात्र उपाशीपोटी नको, त्याचं आधी विचारून घ्या.

वय कमी आणि बीपी जास्त असेल, तिशीच्या आत वगैरे, तर 'टेन्शन घेतोस' म्हणून सोडून देऊ नका. अशा पेशंटला हा विभाग वेगळा तपासतो. दोन्ही हातांत बीपी मोजतात, पायात मोजतात, सगळ्या नाड्या चाचपून बघतात. आपल्याकडे तरुण मुलींमध्ये ताकायासू नावाचा रक्तवाहिन्यांचा आजार दिसतो, त्यात पुष्कळदा एका हाताची नाडी लागतच नाही, हाताची नळी अरुंद झाल्यानं त्या हातात बीपी कमी येतं, आणि किडनीकडे जाणारी नळीही अरुंद झाली असेल तर दुसऱ्या हातात खूप जास्त. कुणाला किडनीच्या वर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथीत गाठ असते. म्हणजे कारण सापडलं तर त्याचा इलाज होतो, नुसत्या गोळ्या वाढवत बसायची वेळ येत नाही. कुणी कधी म्हणालं असेल की 'हिच्या डाव्या हाताची नाडी सापडत नाही' तर ते वाक्य डॉक्टरला आवर्जून सांगा.

लघवीचं सॅम्पल. नेहमीच्या तपासणीला सकाळची पहिली लघवी, आणि सुरुवातीची थोडी सोडून मधली धार बाटलीत. पाळी चालू असताना, तापात, किंवा आदल्या दिवशी खूप पळापळ-व्यायाम झाला असेल तर प्रोटीन उगाच जास्त येतं, मग सरळ सांगायचं की दोन दिवसांनी देते.

२४ तासांची लघवी हा तर वेगळाच विषय. समजा रविवारी सकाळी ७ ला सुरू करायची. सातला उठून जी लघवी होईल ती संडासात टाकून द्यायची, कॅनमध्ये नाही. त्यानंतर दिवसभराची, रात्रीची, प्रत्येक वेळची थेंब न सांडता पाच लिटरच्या कॅनमध्ये, आणि सोमवारी सकाळी सातला उठून होते ती शेवटची, ती कॅनमध्ये टाकायची. लोक नेमकं उलटं करतात, पहिली धरतात आणि शेवटची सोडतात, नाहीतर दोन्ही धरतात. संडासला जाताना जी लघवी होते तीही आधी वेगळी घ्यायची. कॅन सावलीत, गार जागी ठेवा. बायकांनी छोटा मग वेगळा ठेवला की सोपं जातं. मध्ये एकदा बाहेर झाली, सांडली, तर लपवून कॅन देऊ नका, परत पहिल्यापासून करा, कारण लॅबवाले त्यातलं क्रिएटिनीनही मोजतात आणि गोळा केलेली कमी पडली की ते रिपोर्टात दिसतं आणि मग सगळंच परत.

रिपोर्ट हातात आल्यावर नुसतं क्रिएटिनीन बघून खूश किंवा घाबरे होऊ नका. क्रिएटिनीन स्नायूंतून येतं, त्यामुळे बारक्या म्हाताऱ्या माणसात ते कमीच असतं. १.४ हा आकडा घ्या. पंचवीस वर्षांच्या मुलाला १.४ असेल तर ईजीएफआर, म्हणजे क्रिएटिनीन, वय आणि बाई-पुरुष यावरून काढलेला किडनी किती चालतेय याचा आकडा, साधारण ७२ येतो, आणि पासष्ट वर्षांच्या बाईंना तेच १.४ असेल तर साधारण ४२. म्हणजे 'थोडंसंच वाढलंय' म्हणून घरच्यांनी सोडलेल्या आजीची किडनी निम्म्याहून कमी चालत असू शकते. ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिन्यांपेक्षा जास्त राहिला की जुना किडनीचा आजार म्हणतात, १५ च्या खाली गेला की डायलिसिस-ट्रान्सप्लांटची बोलणी. आणि दुसरा आकडा लघवीतल्या अल्ब्युमिनचा, एसीआर, तो ३० च्या वर असेल तर क्रिएटिनीन नॉर्मल असलं तरी किडनीला मार बसतोय असं समजा. शुगरवाल्यांनी हा टेस्ट वर्षातून एकदा करायलाच हवा, स्वस्त आहे आणि तरी कुणी करत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

गोळ्यांचं म्हणाल तर टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल असल्या गोळ्या बीपीबरोबर प्रोटीनही कमी करतात. सुरू केल्यावर क्रिएटिनीन थोडं वर जातं, तीसेक टक्क्यांपर्यंत चालतं, त्यामुळे 'गोळीनं किडनी खराब केली' म्हणून आपल्या मनानं बंद करू नका, पण एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनीन आणि पोटॅशियम तपासायला सांगितलेलं असतं ते चुकवू नका. जुलाब-उलट्या लागल्या, काही पोटात ठरत नाही, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरला विचारा, या गोळ्या आणि पाण्याच्या (लघवी वाढवणाऱ्या) गोळ्या तेवढे दिवस थांबवायला लागू शकतात. आणि अंग दुखतंय म्हणून मेडिकलवाल्याकडून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक घेणं पूर्ण बंद. पॅरासिटामॉल चालते.

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, आणि त्यात भाजी-आमटी-भाकरी सगळं आलं. सैंधव हेही मीठच आहे. खरं मीठ लपलेलं असतं पापड, लोणचं, फरसाण, सुकट-बोंबील, वडापावच्या चटणीत. बाजारात 'लो सोडियम' म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम भरलेलं असतं, किडनी पेशंटनं ते घेऊच नये. तसंच नारळपाणी. पेशंटला बघायला येणारा प्रत्येक पाहुणा शहाळं घेऊन येतो, थंड असतं, चांगलं असतं म्हणून, आणि पोटॅशियम वाढलेल्या माणसाला तेच हृदयावर येऊ शकतं. स्टारफ्रूट, ज्याला कमरख म्हणतात, तेही किडनी पेशंटला विषारी, तुकडासुद्धा नको. बाकी फळं-भाज्या सरसकट बंद करू नका, पोटॅशियमचा आकडा बघून आहारतज्ज्ञ सांगतील, बहुतेक विभागांत त्या बसतात.

बायोप्सी, म्हणजे किडनीचा बारीकसा तुकडा सुईनं काढून तपासणं, सांगितली की घरचे रडायला लागतात, 'कॅन्सर आहे का'. किडनीची बायोप्सी बहुतेक वेळा कॅन्सरसाठी नसते, प्रोटीन का जातंय, कुठल्या प्रकारची सूज आहे आणि कुठलं औषध द्यायचं ते त्यावरून ठरतं. पालथं झोपवतात, पाठीला भूल देतात, सोनोग्राफीवर बघून सुई घालतात, श्वास धरायला सांगतात आणि स्टेपलर मारल्यासारखा टक् असा आवाज येतो. त्यानंतर काही तास उताणं पडून राहायचं, उठायचं नाही, लघवी भांड्यात धरून दाखवायची, लाल येतेय का ते सिस्टर बघतात. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ते आधीच सांगा, काही दिवस आधी बंद करायचं की नाही हे हृदयाच्या डॉक्टरला विचारून ठरतं.

ईजीएफआर घसरतोय असं कळल्या दिवसापासून एक हात राखून ठेवा. उजव्या हातानं काम करत असाल तर डावा. त्या हातातून रक्त काढू द्यायचं नाही, सलाईन लावू द्यायचं नाही, साधा ताप आला म्हणून जवळच्या क्लिनिकमध्ये गेलात तरी तिथं सांगायचं की हा हात नाही, दुसऱ्या हाताला पंज्याच्या मागच्या बाजूला टोचा. कारण पुढे फिस्टुला करायचा असतो, धमनी आणि शीर जोडून, आणि टोचून-टोचून खराब झालेल्या शिरेवर तो चालत नाही. फिस्टुला केल्यावर तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात, म्हणून डॉक्टर 'आत्ताच करून घ्या' म्हणतात तेव्हा 'अजून डायलिसिस कुठे चालू आहे' म्हणून टाळू नका. टाळलेल्यांनाच शेवटी घाईघाईत मानेत नळी घालावी लागते आणि त्या नळीतून इन्फेक्शन होतं. झाल्यावर स्पंजचा बॉल दाबायचा व्यायाम करा, त्या हातात बांगड्या-घड्याळ घट्ट नको, बीपी मोजायचं नाही, बादली उचलायची नाही. रोज सकाळी उठल्या-उठल्या त्यावर बोटं ठेवून बघा, आत थरथर जाणवते, कानाशी धरलं तर घूं घूं ऐकू येतं. थरथर थांबली तर उद्यावर ढकलू नका, तसेच हॉस्पिटलला या, लवकर आलात तर वाचवता येतो.

डायलिसिस साधारण आठवड्याला तीनदा, चार-चार तास. दिवसाला जेवढी लघवी होते अधिक अर्धा लिटर एवढंच पाणी, आणि त्यात चहा, ताक, आमटी सगळं मोजायचं. गणपतीत किंवा गावाला लग्न म्हणून एक डायलिसिस बुडवून येणारे लोक छातीत पाणी भरून येतात, त्यापेक्षा गावाजवळच्या सेंटरला तारीख लावून घ्या, तुमचा डायलिसिस पेपर आणि एचआयव्ही-हिपॅटायटिसचे रिपोर्ट घेऊन गेलात की बरीच सेंटर घेतात. हिपॅटायटिस बीची लस डायलिसिस लागायच्या आधीच चालू करा, आधी शरीर चांगलं साथ देतं. पोटाचा डायलिसिस हाही पर्याय असतो, घरी करता येतो, सेंटर लांब असलेल्यांनी त्याबद्दल विचारायला काय हरकत आहे.

पैशांचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार बसतात, किडनी ट्रान्सप्लांटसाठी साडेचार लाख. रेशनकार्ड आणि आधार दोन्ही ओरिजिनल आणा, त्यातली नावं आणि स्पेलिंग जुळतायत का हे घरीच बघा, निम्म्या फाईली तिथंच अडकतात. हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारी माणसं, बसतात, ॲडमिट व्हायच्या आधी त्यांना भेटा, नंतर नाही. योजनेत न बसणाऱ्या औषधांसाठी आम्ही सोशल वर्कर मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायक ट्रस्ट असल्या ठिकाणी अर्ज करायला मदत करतो, त्यासाठी डॉक्टरचं खर्चाचं पत्र लागतं. डायलिसिसच्या पेशंटला एसटीच्या साध्या गाडीत प्रवास माफ आहे आणि रेल्वेतही पेशंट आणि सोबत एकाला तिकिटात सवलत मिळते, सर्टिफिकेट मागून घ्या, मागितल्याशिवाय कुणी आठवण करून देत नाही.

ट्रान्सप्लांटचा विचार डायलिसिस लागल्यावर वर्षभरानं नको, आधीच करा. १९९४ च्या कायद्याप्रमाणे जवळचे नातेवाईक किडनी देऊ शकतात: आईवडील, मुलं, भाऊ-बहीण, नवरा-बायको, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडंसुद्धा. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांत अदलाबदल करायलाही कायद्याची परवानगी आहे. बाकी कुणी देणार असेल तर कमिटीपुढे जावं लागतं, आणि पैसे देऊन किडनी घेणं गुन्हा आहे, एजंट भेटला तर लांबच राहा. घरात कुणीच नसेल तर ब्रेन डेड दात्याच्या यादीत नाव लावा, मुंबईत ते झेडटीसीसीकडे (दात्यांच्या अवयवांचं वाटप बघणारी संस्था) हॉस्पिटलमार्फतच लागतं, आणि यादी लांब आहे म्हणूनच लवकर लावायचं. फोन कधीही येऊ शकतो, नंबर बदलला तर कळवा. किडनी देणाऱ्या आईची किंवा बायकोची तपासणीसुद्धा नंतर दरवर्षी व्हायला हवी, बीपी, लघवी, क्रिएटिनीन. ऑपरेशननंतर सगळे पेशंटभोवती असतात आणि तिला कुणी विचारत नाही, तिचीही फाईल बनवा. पेशंटला टॅक्रोलिमसची (शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायची गोळी) रक्तातली लेव्हल करायची असते त्या सकाळी गोळी आधी घ्यायची नाही, सोबत आणायची, रक्त दिल्यावर तिथंच घ्यायची.

आणि काही गोष्टींसाठी ओपीडीच्या वाराची वाट बघायचीच नाही, सरळ कॅज्युअल्टीला: झोपलं की दम लागतोय, उठून बसावं लागतंय, लघवी बारा तासांत जवळजवळ झालीच नाही, किडनीच्या पेशंटला एकदम हातापायात ताकद नाही असं वाटतंय, बीपी १८०/१२० च्या वर आणि सोबत डोकं फुटल्यासारखं दुखणं, अंधुक दिसणं, छातीत दुखणं, बोलणं अडखळणं, फिस्टुलातून रक्त थांबत नाही (बोटानं त्या जागी घट्ट दाबून धरा आणि तसेच निघा), ट्रान्सप्लांट झालेल्याला ताप, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर काही दिवसांनी ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल-पिवळे, कारण लेप्टोनं (लेप्टोस्पायरोसिस, असल्या पाण्यातून होणारा आजार) चांगली किडनीसुद्धा दोन दिवसांत बसते. तिथं गेल्यावर पहिलं वाक्य 'पेशंट किडनीचा आहे, शेवटचं क्रिएटिनीन इतकं, शेवटचं डायलिसिस अमुक दिवशी' असं सांगा आणि फाईल त्यांच्या हातात द्या.